तातेराव सरांची गैरहजेरी

दोन हजार चार साली शिवकन्याला अंबडच्या एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली, आणि दिवाळीच्या आत शाळेचा सगळा कारभार कॉम्प्युटरवर आणायचं तिनं कबूल करून टाकलं. मुख्याध्यापक तातेराव सर नुसतं "जमेल ना?" म्हणाले होते. पण नाही म्हणणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

काम तिनं मन लावून केलं. प्रोग्राममध्ये 'व्यक्ती' नावाचा क्लास, म्हणजे माहितीचा साचा, केला. नाव, वडिलांचं नाव, गाव, गैरहजेरी, हे सगळ्यांनाच लागतं म्हणून त्यात ठेवलं. त्यातून 'शिक्षक' आणि 'विद्यार्थी' असे दोन क्लास काढले, एका आईची दोन लेकरं असावीत तसे. पुढं वरून फर्मान आलं, शिक्षकांनीही कॉम्प्युटरची परीक्षा द्यायची, अन् त्यासाठी पोरांबरोबर शिवकन्याच्या वर्गात बसायचं. म्हणजे अकरा शिक्षक आता विद्यार्थीही झाले. त्यांची माहिती परत कोण टाईप करत बसणार? तिनं चार ओळी लिहिल्या: दोन्ही क्लासमध्ये ज्या प्रॉपर्टीचं, म्हणजे माहितीच्या रकान्याचं, नाव सारखं, तिच्यात जे असेल ते इकडून उचलायचं अन् तिकडं ठेवायचं. बटण दाबलं. अकराच्या अकरा जण विद्यार्थ्यांत जाऊन बसले. शिवकन्यानं खुशीत स्वतःसाठी स्पेशल चहा मागवला.

शनिवारी तिनं नेहमीची पत्रं छापली. पंधरा दिवसांच्या वर गैरहजर असलेल्या विद्यार्थ्यांच्या वडिलांना ती जायची. तातेराव सरांनी न वाचता गठ्ठ्यावर सह्या ठोकल्या आणि शिपाई पुंजारामनं पाकिटं पोस्टात टाकली.

बुधवारी दुपारी ऐंशीच्या घरातला एक म्हातारा काठी टेकवत थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरला. हे सरांचे वडील, भिवाआबा. केदारखेड्याहून जालन्याला आणि तिथं एसटी बदलून अंबडला आले होते. शिवकन्या तिथंच सहीसाठी उभी होती.

"तात्या, वर्गात का जात न्हाईस?"

पंचावन्न वर्षांचे सर खुर्चीतून ताडकन उठले. "आबा, तुमी? अन् कोन्ता वर्ग?"

आबांनी पत्र टेबलावर आपटलं. "पोस्टमननं पारावर वाचून दाखवलं. आपला पाल्य तातेराव एकवीस दिवस गैरहजर! समद्या गावानं ऐकलं. अन् खाली सही तुहीच हाय म्हने!"

शिवकन्याच्या लगेच ध्यानात आलं. एकवीस दिवस म्हणजे सरांच्या मीटिंगा आणि निवडणुकीची ड्यूटी.

"चूक माझी आहे, आबा. दोन्ही क्लासमध्ये सारख्या नावाची प्रॉपर्टी होती, ती कॉपी झाली."

"प्रॉपर्टी?" आबांचे डोळे बारीक झाले. "पोरी, आमची दोनच एकर हाये. कोनाच्या नावावर केलीस?"

"जमीन न्हाई हो आबा! सर शिक्षक म्हणून बाहेर कामाला गेल्ते, ते दिवस विद्यार्थी म्हणून त्यांच्या नावावर लागले. नाव-गाव तेवढंच उचलायला पाहिजे होतं. हजेरी दोन्हीकडं वेगळी."

हे आबांना एकदम पटलं. "बराबर हाय. जुळ्या भावांचंबी आडनाव-गाव एक, पर एकानं दांडी मारली म्हून दुसऱ्याला छडी न्हाई. मंग विद्यार्थी म्हून ह्याची खरी हजेरी किती?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. शिवकन्याला खोटं बोलवेना.

"तेरा वर्ग झाले, आबा. सर एकालाही आले नाहीत."

"पोरं बघतेत," सर हळूच म्हणाले. "तो माउस हातात धरला की भलतीकडंच पळतो. हसू व्हतं माझं."

आबांनी काठी सरांकडं रोखली. "पयलीत दार धरून रडायचास, तवा मी काय करायचो?"

"बाहेर बसून ऱ्हायचात."

"मंग चल."

त्या दुपारी सर सातवीच्या पोरांशेजारी बसले. स्वतःचं नाव टाईप करायला त्यांना वीस मिनिटं लागली. पोरं हसली, सरही हसले. आबा दाराबाहेरच्या बाकावर काठी आडवी धरून बसले होते. तोवर शिवकन्यानं गैरहजेरी 'व्यक्ती'मधून काढून दोन्ही क्लासमध्ये वेगवेगळ्या नावानं ठेवली, आणि अशीच पत्रं गेलेल्या आणखी दोन शिक्षकांच्या वडिलांना माफीची पत्रं लिहिली.

परीक्षेपर्यंत सरांनी एकही वर्ग चुकवला नाही. आबा परत आले नाहीत, पण दर बुधवारी केदारखेड्याहून शाळेत फोन यायचा. सरांनी उचलला की ते म्हणायचे, "तू नको. त्या पोरीला दे."