मारुतीची जागा

पुढे सरका, मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. सुरतेच्या गाडीतल्या एका मोकळ्या जागेनं जळगावच्या एका घराचा जीव कसा भांड्यात पाडला, ते आज सांगायचं आहे.

गाडीमालक ज्ञानेश्वरनं ड्रायव्हरमागच्या सीटवरची भगवी शाल उचलली, घाईघाईनं घडी घातली आणि सीट रुमालानं पुसली.

"बसा मॅडम. इथून रस्ता छान दिसतो."

बँकेच्या सारिका मॅडम बसल्या. स्टिअरिंगवरच्या रमजानचाचांनी आरशातून पाहिलं. चावी काही फिरवली नाही.

"भाऊ, ती जागा..."

"आज राहू द्या, चाचा."

चाचांनी शाल त्याच्या हातून घेतली, आपल्या मांडीवर ठेवली, मग गाडी सुरू केली. रोज सकाळी ती झटकून सीटवर घालायचे तेच.

ज्ञानेश्वरचे वडील निंबाआबा कीर्तनवेडे. रामकथा जिथे चालते तिथे मारुतीसाठी एक पाट मोकळा ठेवतात, तो ऐकायला येतो म्हणून. आबांनी पहिली गाडी रस्त्यावर आणली तेव्हा पाटाच्या जागी सीट सोडली. ती कधी विकायची नाही. वाटेत जो अडलानडला भेटेल, तो मारुती. त्याला तिकीट विचारायचं नाही. पुढे गाड्या वाढल्या, आबा गेले, पण पद्धत राहिली. आई, पुष्पाबाई, अजून रोज विचारायच्या, "जागा मोकळी सोडली ना रे?" आज ज्ञानेश्वर "हो" म्हणून आला होता. आईपुढे चक्क खोटं.

पण करणार काय? सुरतेच्या रस्त्यावर चकचकीत स्लीपर गाड्या आल्या होत्या. माणसं तिकडे वळली होती. दोन नव्या स्लीपर घेतल्या नाहीत तर आबांचा धंदा गुंडाळायची वेळ येणार होती. आणि दोन गाड्यांच्या कर्जाचं गणित बसायचं तर प्रत्येक सीट विकली जाते असं दाखवणं भाग होतं. त्यानं तसं दाखवलं होतं. मॅडम आज ते डोळ्यांनी बघायला धुळ्यापर्यंत निघाल्या होत्या.

पारोळ्याच्या फाट्यावर एका म्हातारीनं हात केला. चाचांचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. गाडी खच्चून भरलेली. म्हातारी गाठोडं सावरत चढली आणि सरळ मॅडमसमोर उभी राहिली.

"ऊठ वं माय. हाई जागा मारुतीनी शे."

ज्ञानेश्वर झटकन आपल्या जागेवरून उठला. "अहो आजी, इकडे या, माझ्या जागेवर बसा..."

"तुन्ही जागा तुले ऱ्हाऊ दे. निंबाआबानी सांगेल शे, 'मंजुळाबाई, अडीनडीले आठेच बस.' मन्ही पोर धुयाना दवाखानामा शे. पहिलं बायतपन."

लेकीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला निघालेली म्हातारी बघून मॅडम उठल्याच. हसत म्हणाल्या, "बसा आजी. मारुतीशी भांडून मी कुठे जाऊ?"

चाचांनी मांडीवरची शाल मागे दिली. म्हातारीनं ती सीटवर नीट पसरली, मगच टेकली. ज्ञानेश्वरनं आपली जागा मॅडमना दिली आणि दांडा धरून उभा राहिला.

बरंच अंतर गेल्यावर मॅडमनी हळूच विचारलं, "ज्ञानेश्वरभाऊ, तुमच्या सगळ्याच गाड्यांत ही अशी जागा आहे?"

तो म्हणाला, "सगळ्याच."

"आणि आमच्याकडे दिलेल्या हिशेबात?"

"नाही धरली रिकामी."

"मग धरा. रिकामी सीट बँकेला चालते, भाऊ. रिकामी असून भरलेली दाखवलेली चालत नाही." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "कर्जात दोन गाड्या नाही बसणार. एक बसेल. ती नीट चालवा, दुसरीचं पुढं बघू. रस्त्यात हात केल्यावर थांबणारी गाडी लोक लवकर विसरत नाहीत."

एकच गाडी! ज्ञानेश्वरला वाईट वाटायला हवं होतं. पण छातीवरचं जातं कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं. धुळ्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यानं घरी फोन लावला.

"आई, सकाळी जागा मोकळी नव्हती. आता आहे."

पलीकडून पुष्पाबाई म्हणाल्या, "जेवलास का?"

या गडबडीत मंजुळाबाई गाठोडं घेऊन दवाखान्याकडे निघूनही गेली होती.

पुढे नवी स्लीपर आली. ड्रायव्हरमागच्या बर्थवर शाल अंथरली, पुष्पाबाईंनी नारळ फोडला. पहिल्याच फेरीला पारोळ्याच्या फाट्यावर चाचांनी गाडी थांबवली. कुणीही उभं नव्हतं. त्यांनी हॉर्न दिला, वाट पाहिली. शेजारी ज्ञानेश्वर बसला होता. काच खाली करून तोही रस्त्याकडे बघत बसला.

मंजुळाबाईच्या लेकीला मुलगा झाला की मुलगी, सुखरूप सुटली ना, हे त्या दिवशी कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा मंडळी, त्या वाटेनं कधी गेलात, तर मंजुळाबाईची तेवढी आठवण काढा. आणि भेटलीच, तर विचारा.