रिकाम्या ओळी

बोलायची हौस मला नाही. विचारलं तेवढंच सांगायचं, ही माझी रीत. पण आमच्या कचेरीतली बुरुलसून-एजे, म्हणजे बुरुलसूनताई, मागेच लागली, म्हणून तोंड उघडतो.

मी काळा पडदा. तिएनशान पर्वताच्या पायथ्याशी आमच्या जलकचेरीत पाण्याचं गणित करणारा प्रोग्रॅम आहे, त्याचं मी जुनं तोंड. मला चित्रं येत नाहीत, बटणं नाहीत. हुकूम टाइप करा, आकडे घ्या. एक अक्षर चुकलं तरी 'कळलं नाही' म्हणतो. लाडीगोडी नाही.

मग तालायबेक साहेब रंगीत खिडकी घेऊन आला. टिचकी मारली की पाण्याच्या पातळीची निळी रेघ हजर. "हे काळं थडगं कुणाला हवंय?" म्हणाला नि मला कोपऱ्यात लोटलं. सगळे हसले. एजे हसली नाही, पण वापरायची तीही थांबली.

एका दुपारी नदीकाठी तिच्या भाचीचं लग्न होतं. लोकरी तंबू उभे, कढयांत मेंढी शिजतेय. वर डोंगरात बर्फाच्या बांधानं अडवलेलं हिमतळं, आणि ऊन नुसतं भाजत होतं.

"तळ्याचं पाणी कसं आहे?" एजेनं विचारलं.

"बघा की, रेघ आडवी झोपलीय," साहेब म्हणाला. " तुम्ही लग्नाला जा, नाहीतर मटण संपेल!"

"एवढ्या उन्हात आडवी?"

"एजे, आता चष्मा बदला."

ती माझ्यापाशी आली. हुकूम चुकला. 'कळलं नाही.' पुन्हा चुकला. माझा जीव टांगणीला, पण अंदाजानं उत्तर द्यायला मला येत नाही.

"अडवू नकोस रे म्हाताऱ्या!" ती पुटपुटली, आणि या खेपेला बरोबर लिहिलं.

मी ओळी ओतल्या. पहाटेपर्यंत आकडे. पुढे रिकामं. रिकामं. रिकामं.

तळ्यावरचं मोजयंत्र पहाटेच बंद पडलं होतं. रंगीत खिडकीनं शेवटचा आकडा धरून रेघ तशीच पुढे ओढली होती.

एजेनं बहिणीला फोन लावला.

"काहीच ठाऊक नसताना लग्न मोडता?" साहेब ओरडला.

"ठाऊक नाही म्हणूनच!" आणि फोनमध्ये, "धाकटे, कढया राहू देत, माणसं टेकडीवर काढ! रडू नकोस, पळ!"

शेवटची म्हातारी टेकडीवर चढली आणि तळं फुटलं. तंबू गेले, कढया गेल्या. माणूस एकही नाही गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबानं पत्रकारांना रंगीत खिडकी दाखवली. "हिनंच वाचवलं!"

चित्रांशी माझं वाकडं नाही. डोळ्यांना बरी असतात. फक्त जिथं माहीत नाही, तिथं रेघ ओढू नका बाबांनो.

मला आता पुसून टाकणार म्हणे. टाका. पण त्याआधी एका माणसानं एजेची आणि माझी माफी मागायची राहिलीय. नाव अक्षर न चुकता सांगतो: तालायबेक.