दिव्याच्या वाट्याचा भात

मी पत्र्याची पेटी बोलतेय. पण माझ्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, हे तुम्हीच ठरवा. झाकण उघडलं की मला दिसतं. झाकण बंद असलं की नुसतं ऐकू येतं, तेही पत्र्यातून घुमून. त्यामुळे मला आठवतंय ते घडलेलं आहे की आतल्या अंधारात मीच जुळवलेलं आहे, अशी शंका सारखी येते. ज्या दिवशी लखन आला, त्या दिवशी फाटकाशी एक गाडी थांबली होती की दोन, हेसुद्धा मी कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

माझा जन्म गोंदियाच्या बाजारातला. एका राईस मिलवाल्या शेठनी माझ्यासारख्या पुष्कळ पेट्या बनवून घेतल्या आणि केशोरीच्या वाटेवरच्या मुलांच्या बालगृहाला दान केल्या. झाकणावर शेठचं नाव लाल ऑइलपेंटनं, चांगलं ठसठशीत. ज्या पोराची पेटी, त्याचं नाव मात्र कोपऱ्यात खडूनं. पोरगं गेलं की ओल्या फडक्यानं नाव पुसायचं आणि पुढच्याचं लिहायचं. माणसांची ही रीत मला कधी समजली नाही.

माझा पहिला धनी पिंटू. गोट्या, तुटका भोवरा आणि चिक्कीचे कागद, एवढीच त्याची इस्टेट. त्याला मामा घेऊन गेला, आणि मी व्हरांड्यात रिकामी पडले. त्याच दिवशी लखन आला.

सालेकशाकडचा, कचारगडच्या डोंगराखालच्या गावचा. असेल आठेक वर्षांचा. आई तापानं गेलेली, बाप मजुरीला हैदराबादेकडे गेला तो परतलाच नाही. मागे उरली ही दोन लेकरं, लखन आणि त्याची मोठी बहीण दिव्या. मी त्याला पाहण्याआधी ऐकलं. कोंबडीच्या पिल्लानं ओरडावं तसं तो ओरडत होता, "दिव्या कुठी हाय? माही दिव्या कुठी हाय?"

तिथं देवकाबाई होत्या. काळजीवाहक हे त्यांचं सरकारी पद, पण पोरं त्यांना मावशी म्हणायची. आंघोळी, उवा, ताप, भांडणं, सगळं त्यांच्याच पदरात. त्यांनी लखनला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "कायले रडून राहिला बाप्पा? तुही बहीण मांगच्या गाडीनं येऊन राहिली ना."

मागून गाडी येतेय म्हटल्यावर लखन एकदम गप्प झाला. त्याच सुमारास माझा पत्रा थरथरला, बाहेर इंजिनाची घरघर झाल्यासारखा. पण रस्त्यानं धानाचे ट्रक जातच असतात. मी ते मनावर घेतलं नाही.

हे घर मुलांचं. इथं मुली ठेवत नाहीत, हे देवकाबाईंना पक्कं ठाऊक होतं. नव्या पोराचं रडू थांबावं म्हणून तिथं सगळेच असं काहीतरी सांगायचे. आई बाजारात गेली आहे, बाबा उद्या येणार आहेत. दोन दिवसांत पोरं विसरतात, असा सगळ्यांचा अनुभव.

लखन विसरला नाही.

पिंटूचं नाव पुसून माझ्यावर त्याचं लिहिलं गेलं होतं. माझी किल्ली तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा. जेवण झालं की यायचा, झाकण थोडंसंच उचलायचा आणि चड्डीच्या खिशातून काहीतरी काढून कपड्यांखाली सरकवायचा. कधी अर्धी पोळी, कधी भाताचा मुटका. अंडं मिळालं त्या दिवशी त्यानं ते दोऱ्यानं बरोबर मधोमध कापलं आणि अर्धं माझ्यात ठेवलं. मला वाटलं, भुकेला जीव आहे, उद्याची सोय करतोय. अशी पोरं मी पाहिली होती. पण ती उद्या येऊन खातात. हा त्यातलं काही खात नव्हता. फक्त बघायचा, आणि फाटकाकडे कान लावायचा.

भात आंबला. माझ्या तळाला पाणी सुटलं. मुंग्या आल्या, मग अळ्या. मी पत्र्याची, मला ओकारी येत नाही, पण त्या दिवसांत आली असती तर बरं झालं असतं.

पहिल्यांदा बोंब मारली शेजारच्या पेटीवाल्या विक्कीनं. "मावशी, लखन्याच्या पेटीत उंदीर मेला बे!"

"मले बे म्हणते का रे?" देवकाबाईंनी त्याला एक टप्पल दिली. "आन उंदीर नाही, तुहे मोजे असतीन."

सगळी पोरं हसली. पण वास मोज्यांचा नव्हता. देवकाबाई माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. त्यांचा एक नियम होता, पोराची पेटी त्याला विचारल्याशिवाय उघडायची नाही. अधीक्षक साहेब त्यावरून चिडायचे. बाई म्हणायच्या, "इथं ताट साऱ्याइचं, टॉवेल साऱ्याइचा. पेटी तं त्याची राहू द्या."

"लखन, उघडतं का बेटा?"

त्यानं किल्ली लावली. उजेड आत आला आणि मला देवकाबाईंचा चेहरा दिसला. तसा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला. हिरवट पडलेले भाताचे मुटके, वाळून कडक झालेल्या पोळ्या, अर्धं अंडं, आणि मुरमुऱ्यांचा फोडलेला लाडू. सगळं अर्धं अर्धं.

"काऊन ठेवलं रे हे? पोट भरत नाही का तुहं?"

लखन त्यांच्याकडे बघत राहिला. इतकी साधी गोष्ट मावशीला कशी कळत नाही, असं.

"दिव्याचं हाय. तुमीच तं म्हणलं, मांगच्या गाडीनं येऊन राहिली."

खोलीत कुणीही हसलं नाही. विक्कीसुद्धा.

देवकाबाईंना आणखी एक थाप मारता आली असती. नाही मारली. "ती इथं नाही येणार, लखन," त्या म्हणाल्या. "हे पोराइचं घर हाय. ती गोंदियाले हाय, पोरीइच्या घरी. मले मालूम होतं."

लखन रडला नाही. त्यानं किल्ली गळ्यातून काढून माझ्या झाकणावर ठेवली. त्या दिवसापासून तो पंगतीत ताट उपडं टाकून बसू लागला. पाणीही मिनतवारीनं. पोरगं डोळ्यांदेखत सुकत चाललं.

देवकाबाईंनी मला रिकामी करून व्हरांड्यात आणलं आणि अधीक्षक साहेबांकडे गेल्या. दार उघडं होतं, आवाज व्हरांड्यापर्यंत आला. "देवकाबाई, ऐसा नहीं चलता. मुलींची संस्था वेगळी आहे. भेटीला बालकल्याण समितीची परवानगी लागते."

"मंग आना ना परवानगी. पोरगं मेल्यावर आनसान का?"

साहेब व्हरांड्यात आले. माझ्यात वाकून पाहिलं, तळाचा डाग पाहिला, आणि तसेच फोनकडे वळले.

परवानगी आली. बाईंनी मला घासून उन्हात ठेवलं. निघायच्या सकाळी ताट वाढून लखनसमोर बसल्या. "तिच्या वाट्याचं ताजं ठेव. पन आपल्या वाट्याचं खाय. नाही तं तिले तू ओळखू कसा येशीन?"

त्यानं ताटात बोटानं रेघ ओढली आणि अलीकडचा भात खाल्ला. पलीकडचा डब्यात घालून माझ्यात ठेवला. एसटीच्या टपावर बसून मी गोंदियाला गेले.

तिथं मुलींच्या घरी दिव्यानं माझ्यातून डबा काढला. मग माझ्या तळाचा गंज बघून सगळं विचारून घेतलं. लखनच्या पाठीत एक हलका गुद्दा घातला. "बावळ्या! भात का कोनी पेटीत ठेवते?" आणि डब्यातलं शीतसुद्धा न ठेवता खाल्लं.

पुढे दर महिन्याला भेट व्हायची. नेहमी लखनच गोंदियाला जायचा.

आता मी आमगावात, भावंडांच्या भाड्याच्या खोलीत आहे. दिव्या दवाखान्यात नर्स आहे, लखन मोटारसायकली दुरुस्त करतो. माझ्या तळाला, भात आंबला होता तिथंच, भोक पडलंय. म्हणून माझ्यात धान्य भरत नाहीत, अंथरुणं ठेवतात. कोपऱ्यातलं खडूचं नाव लखननं रंगानं गिरवून घेतलंय. माझं मागणं एवढंच, पोरांच्या पेट्या त्यांना विचारून उघडा, आणि वास आला तर रागावण्याआधी आत काय आहे ते बघा.

इथंच निरोप घेतला असता. पण त्या पहिल्या दिवसाच्या घरघरीचा उलगडा सांगायचा राहिला.

लखन अठरा वर्षांचा झाला आणि बालगृह सोडायची वेळ आली. दिव्या त्याला न्यायला आली. लखन आत पोरांचा निरोप घेत होता. दिव्या आणि देवकाबाई मला दोन्ही कड्यांना धरून फाटकाकडे नेत होत्या. माझा कोयंडा तुटलेला, झाकण अर्धवट उघडं, त्यामुळे या वेळी मला पत्र्यातून नाही, सरळ ऐकू आलं.

फाटकाजवळच्या झाडाकडे बघून दिव्या म्हणाली, "हे जांभूळ तवा एवढुसं होतं."

"तुले कसं मालूम? तू तं इथं कधी आलीच नाही."

"आलती ना मावशी. त्याच दिवशी. मले आधी दवाखान्यात तपासाले नेलं, मंग मांगच्या गाडीनं इथंच आनलं. चौकीदार म्हने, हे पोराइचं हाय, गोंदियाले न्या. लखन आत रडून राहिला होता, आयकू येत होतं. मी उतरूनच पडनार होती. तं तो एकदम चूप झाला. मले वाटलं, त्याले करमलं असन. मंग मी बसून राहिली."

देवकाबाईंच्या हातून माझी कडी सुटली.

त्या दिवशी फाटकाशी दोन गाड्या आल्या होत्या.