भरतीरेषेच्या वर सहा छत्र्या

कार्यक्रमात त्या दिवसापुढे एकच शब्द होता: आराम. सकाळी पोहायचं, मग दुपारपर्यंत किनाऱ्यावर लोळायचं. बोटीवर सोळा पाहुणे, दहा खलाशी, कप्तान एलोय आणि मी, यादिरा, त्यांची मार्गदर्शक. गालापागोसमध्ये जन्म गेला असला तरी परवाना मिळून मला चारच महिने झाले होते.

पोहणाऱ्यांना घेऊन परत आले तेव्हा वाळूत सहा निळ्या छत्र्या उभ्या होत्या. खाली पाहुणे वाचत होते, एक जण तोंडावर टोपी ठेवून घोरत होता.

फेब्रुवारी हा हिरव्या कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम. ओल्या वाळूत अंडी टिकत नाहीत, म्हणून माद्या भरतीरेषेच्या वर येऊन अर्धा मीटर खोल खड्डा करतात. छत्रीही ओल्या वाळूत टिकत नाही. म्हणून प्रत्येकीचा लोखंडी दांडाही भरतीरेषेच्या वरच रोवला होता, जवळपास तितकाच खोल.

छत्र्या रोवल्या होत्या वेलिंग्टनने; मी त्यालाच काढायला लावल्या. हा खलाशी अंबातोचा, डोंगरातला. समुद्रावर येऊन त्याला तीन आठवडे झाले होते. तिसरा दांडा वर आला तो पिवळ्या बलकाने माखलेला. एका घरट्यात सत्तर-ऐंशी अंडी असतात. किती फुटली हे कळायला मार्ग नव्हता, कारण खणायला बंदी आहे. खुर्चीतल्या एका बाईंनी सावली परत कधी मिळणार असं विचारलं.

"डोळे आहेत की बटणं?" मी वेलिंग्टनवर डाफरले. "भरतीच्या वर काही रोवायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

त्याने दांडा वाळूत घासून पुसला. "काल जेवणानंतर तू पाहुण्यांना तासभर हेच सांगत होतीस ना, चित्रं दाखवून? मी दारात कपांचा ट्रे घेऊन उभा होतो. सगळं इंग्रजीत. आम्हाला कधी सांगितलंस, प्राध्यापकबाई?"

त्याच्या बोलण्याने माझा संताप आणखी वाढला. चार महिन्यांत मी खलाशांना एकदाही काही सांगितलं नव्हतं. कुठलाच मार्गदर्शक सांगत नाही. वाळूवर बसणाऱ्यांना माहिती मिळते, वाळूत लोखंड खुपसणाऱ्यांना नाही.

छत्र्या ही कप्तानाची कल्पना होती. मागच्या फेरीत पाहुण्यांनी उन्हाची तक्रार केली होती. सुकाणूच्या खोलीत केळ्याचे काप खात त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. राष्ट्रीय उद्यानाला द्यायच्या अहवालात लिही, म्हणाला, की खलाशाने आपल्या मनाने लावल्या. बाल्त्रा बेटावर त्याला उतरवू, नवा माणूस आहे, विषय संपेल.

"आणि वेलिंग्टनचं काय?"

"पोरी, हा किनारा आपल्याला बंद झाला तर अकरा घरांच्या चुली विझतील. आणि तुला पुढची बोट कोण देणार?"

मी तिथेच उभ्याने लिहिलं: छत्र्या कप्तानाच्या हुकमावरून लावल्या. घरटी कुठे असतात हे मार्गदर्शकाने खलाशांना सांगितलं नव्हतं. खाली माझं पूर्ण नाव. अहवालावर कप्तानाचीही सही लागते, म्हणून कागद त्याच्यासमोर ठेवला.

त्याने कागद वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. "सही करणार नाही."

"मग तेही लिहिते."

"परवाना तुझाच जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले, आणि कप्तानाने सही नाकारली, असं वेळेसकट लिहिलं.

तशीच खाली स्वयंपाकघरात गेले. खलाशी भात खात होते. भरती कुठवर येते, घरटं किती खोल असतं, मी हातांनी दाखवत स्पॅनिशमध्ये सांगायला लागले. आवाज चढलेलाच होता. कुणी मान वर केली नाही.

"आज सांगतेस?" वेलिंग्टन म्हणाला.

"आज," मी म्हणाले. "आणि हात थांबव. दाखवतेय तिकडे बघ."

त्याने चमचा खाली ठेवला. पण तो अजून चिडलेला होता, आणि मीही.