पालथा हात

माझा उजवा हात नवऱ्याने, दाहीने, मोडला आणि सासूने बांधला. तळवा जमिनीकडे करून बांधला, मूर्ख बाईने. हाड ठेवाल तसं जुळतं. माझं पालथंच जुळलं. माहेरी आले तेव्हा उन्हात फुगवायचा भाकरीचा गोळा तळव्यावर पेलता येईना, नाईलचं पाणी ओंजळीत घेता येईना.

बिशायकाका आमच्या कालव्यावरच्या सगळ्या गावांची हाडं बसवतात. त्यांनी अंगठ्याने चाचपलं.

"हाड जुळताना आलेली गाठ कच्ची आहे पोरी, हिरव्या खजुरासारखी. आज मोडेल. महिन्याने दगड होईल, मग मरेपर्यंत पालथाच."

"मोडा."

नेमका तेव्हाच दाही मला न्यायला आला. सलोखा करायला हाजी किनावींना घेऊन आला. हाजींचा शब्द दोन्ही घरांना शेवटचा.

"चल नव्वारा. घरी नेऊन मोडू की," दाही म्हणाला.

"मोडण्यात तुझा हात बसलाय, ठाऊक आहे," आई म्हणाली. ती लेपासाठी डिंक कुटत होती.

मी म्हटलं, "हाजी, येते मी. पण मोडल्यावर माझं कोपर यानेच धरायचं. काका सांगेपर्यंत सोडायचं नाही. सोडलं, तर मी इथेच."

"रास्त आहे," हाजी म्हणाले.

काकांनी हात चौरंगाच्या कडेवर ठेवला आणि वर गुडघा रोवला. ओली फांदी पिळल्यासारखा आवाज झाला. मी ओकले.

"आता खरं काम. हाड मोडलं की स्नायू बिथरतो, आवळतो, तुटकी टोकं एकमेकांवर चढवतो. तो दमेपर्यंत ओढून धरायचं. धर रे कोपर!"

काका मनगट ओढत होते, दाही कोपर. कातडीखाली माझं मांस पोत्यात कोंबलेल्या मांजरीसारखं उसळत होतं. ओढणी चावता चावता माझा दात हलला. दाहीचे दंड थरथरायला लागले.

"काका, हात भरून आले."

"तिचा स्नायू दमू दे, गाढवा, तुझा नाही!"

त्याने सोडलं.

टोकं मांसात घुसली. माझ्या तोंडून निघाला तो आवाज बाईचा नव्हता. आईने बत्ता टाकला, कोपर धरलं, माझ्या बरगडीला पाय लावून सगळं वजन मागे टाकलं. मांस हळूहळू सैल पडलं. आत टक्‌ झालं. काकांनी तळवा आभाळाकडे फिरवला. फिरला! मग अंड्या-डिंकाचा लेप, खजुराच्या कामट्या, वर फडकं.

"याने सोडलं, हाजी."

"बघितलं. पोरगी इथेच राहील."

"ही थोटी कुत्री मला चारचौघांत..." दाही त्याच बांधलेल्या हातावर झेपावला. आईने बत्ता उचलून त्याच्या मनगटावर हाणला. तो ओरडला, तिने परत हाणला. मनगट नको तिथे वाकलं.

तो जमिनीवर लोळायला लागला. काकांनी आईला एक शिवी हासडली आणि उरलेला लेप पुढे ओढला. "बसवतो याचं. पण कोपर धरायला कुणी तरी या."

आई डिंक कुटायला बसली. हाजी दाराकडे बघत राहिले.

"मी धरलं असतं," मी म्हणाले, "पण आत्ता मला एकच हात आहे."

शेवटी हाजीच उठले, दाहीच्या बापाचा उद्धार करत.