पंचमीला तवा नाही

नागपंचमीच्या सकाळी सारजाबाई उठल्या त्या घाईतच. चूळ भरून झाली, सडा टाकून झाला, तरी पाय एका जागी ठरेना. दर दोन मिनिटांनी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची. आठ वाजता लाइट जाणार होती. दोन हजार सात साल होतं ते. भारनियमनाचं वेळापत्रक निरगुडसरच्या बायकांना वारांसारखं पाठ झालं होतं. आठच्या आत मिक्सर फिरवायचा, लेकीनं दिलेलं यंत्र तापवायचं आणि नवऱ्याच्या पोटात चार घास घालायचे. कारण त्यानंतर दिंडं वाफवली जाणार आणि वन्सं तुपाची चरवी उघडणार.

वन्सं म्हणजे साळुबाई, संपतरावांची थोरली बहीण. पासष्टी उलटली तरी दर पंचमीला येडगावहून माहेरी यायची. कालच आली होती, पितळी चरवी पोटाशी धरून. चरवीत काठोकाठ म्हशीचं कणीदार तूप.

"माझा भाऊ टायफॉईडमधनं उठलाय," उंबऱ्यातच ती म्हणाली होती. "निस्ती हाडं राह्यलीत. हे संपल्याबिगर मी हलायची न्हाई, सारजे."

टायफॉईड! सारजाबाईंनी तेव्हा मान खाली घातली होती. संपतरावांना टायफॉईड झालाच नव्हता. जेठात गोठ्यातून येताना ते दारात कोसळले होते. पुण्याच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. डॉक्टरांनी सारजाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तूप, लोणी, दूध, तळलेलं, सगळं बंद. पुन्हा असा झटका आला तर इथवर आणायला वेळ मिळणार नाही, मावशी." आणि आत खाटेवर संपतरावांनी त्यांचा हात धरून वचन घेतलं होतं, "अक्काला कळता कामा न्हाई. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ती धसका घेईल." म्हणून येडगावला निरोप गेला टायफॉईडचा. आता त्या निरोपाचंच फळ चरवीत भरून घरी आलं होतं.

काल रात्रीच्या जेवणात वन्संनी भावाच्या भातावर दोन पळ्या तूप ओतलं. संपतरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि खाली बघून भात कालवला. बहिणीचं मन मोडवत नाही हे खरं, पण त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली होती ती काही बहिणीच्या मायेची नव्हती. दोन महिन्यांत पहिल्यांदा तूप मिळालं होतं! आज तर दिंडं. पुरणाची, वाफाळती. त्यांच्यावर तो माणूस पाऊण चरवी रिकामी करेल.

सारजाबाईंनी मिक्सरमध्ये दोन वाट्या ओट ओतले आणि बटण दाबलं. आवाजानं वन्सं दारात आली.

"काय दळतीस गं?"

"ओट, वन्सं. त्यांच्या न्याहारीला."

"घोड्याला घालत्यात ते? आमच्या नातवानं टीव्हीवर दावलं व्हतं."

सारजाबाईंनी पीठ भांड्यात काढलं. पिठात एक पिकलेलं केळं कुस्करलं, पावणेदोन वाट्या पाणी घातलं, चिमूटभर मीठ, नखभर सोडा, थोडी वेलची. लेकीनं, समृद्धीनं, फोनवर तीनदा सांगितलं होतं: दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, आणि आई, तेलाचं बोटसुद्धा लावायचं नाही. मग भांडं दहा मिनिटं झाकून ठेवायचं. ती दहा मिनिटं सारजाबाईंना जाता जाईनात. त्यांनी दोनदा झाकण काढून पाहिलं, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. साडेसात झाले.

मग फळीवरून यंत्र काढलं. दोन काळ्या जाड पाट्या बिजागरीनं जोडलेल्या, दोन्हींवर चौकोनी खळगे. समृद्धी त्याला वॉफलचं यंत्र म्हणायची. आठवडाभरात सारजाबाईंनी दोनदा करून पाहिलं होतं. दोन्हीदा अर्धं वरच्या पाटीला, अर्धं खालच्या पाटीला चिकटून फाटलं, आणि संपतरावांनी ताट सरकवून दिलं होतं. "म्हशीला घाल," एवढंच म्हणाले होते.

यंत्राची वायर भिंतीतल्या सॉकेटपर्यंत पोचायच्या आत वन्संनी हात आडवा घातला.

"थांब. काय हाय हे?"

"ह्याच्यात धिरड्यासारखं व्हतं, वन्सं. जाळीचं."

"धिरडं? आज? सारजे, पंचमी हाय! चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, चुलीवर तवा चढवायचा न्हाई. तुझ्या सासूनं जलमभर पाळलं."

"पर हे चुलीवर कुठं ठेवायचंय? भिंतीतल्या लाइटीवर चालतं."

वन्संनी यंत्र उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "खाली तवा, वर तवा. एकाचं दोन तवं करून ठेवलंस आन मला शिकवतीस? ठेव ते फळीवर. भावाला मी दिंडं वाढते. वर चार पळ्या तूप घातलं की उद्या नांगर धरंल."

सारजाबाईंचा हात वायरीवरच राहिला. पंचमी त्यांनीही कधी मोडली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून या दिवशी विळीला हात लावला नव्हता. आणि आजच, ज्याच्या जिवासाठी नागोबाला दूध-लाह्या वाहायच्या, त्याच्यासाठीच तवा तापवायचा? घड्याळात सात चाळीस. त्यांनी वायर लावली.

"सारजे!"

"लागू दे मला पाप," असं म्हणून त्यांनी पाट्या तापू दिल्या, पळीभर पीठ ओतलं आणि झाकण दाबलं.

भसाभसा वाफ निघाली. वन्सं तोंड फिरवून पाटावर बसली.  सारजाबाईंनी दोन मिनिटं कशीबशी काढली आणि झाकण उचललं. चर्रर्र! धिरडं मधोमध फाटलं. त्यांनी उलथन्यानं खरवडून काढलं, पुन्हा पीठ ओतलं. पुन्हा वाफ. पुन्हा घाई. पुन्हा तेच. भांड्याच्या तळाशी आता एकाच धिरड्याचं पीठ उरलं होतं, आणि सात पंचावन्न झाले होते.

बाहेर संपतरावांची चाहूल लागली. गोठ्यापासून ओसरीपर्यंत वीस पावलं. ते मध्ये दोनदा थांबले. वन्संची मान त्या आवाजाकडे वळली.

"टायफॉईड झाल्यावर माणूस असा थांबतो व्हय गं?" ती हळूच म्हणाली.

 उरलेलं पीठ सारजाबाईंनी ओतलं, झाकण मिटलं, आणि त्या वाफेकडे बघतच बोलल्या.

"टायफॉईड न्हाई, वन्सं. हार्टाचा झटका व्हता. जेठात. तूप म्हंजी त्यांना इख हाय. त्यांनी शपथ घातली व्हती, अक्काला सांगू नको म्हणून. काल रातच्याला तुमी पळी ओतली तवा माझ्या काळजाचं पाणी झालं."

वन्संनी तोंडाला पदर लावला. सारजाबाईंचा हात आपोआप झाकणाच्या मुठीकडे गेला.

"उघडू नको!" वन्सं ओरडली. मग तिचा आवाज उतरला. "किती घाई गं तुझी. वाफ निघतीय तवर आत कच्चं हाय. कच्चं हाय तवर सोडायचं न्हाई. भाकरी कधी अशी उचकटलीस का?"

तिनं उठून सारजाबाईंचा हात बाजूला केला आणि आपला हात यंत्राच्या मुठीवर ठेवला. वरचा पंखा गरगरत थांबला. यंत्राचा लाल दिवा विझला. आठ वाजले होते.

"गेली," सारजाबाई म्हणाल्या. "आता काय करायचं?"

"तवा लगीच गार पडतो का? ऱ्हाऊ दे."

दोघी उभ्या राहिल्या. वाफ बारीक झाली, मग धाग्यासारखी, मग दिसेनाशी. वन्संनी झाकण उचललं. तांबूस, खळग्याखळग्यांचं, अखंड धिरडं पाटीवरून अलगद सुटलं.

"म्हंजी हे भाजलेलं न्हाईच," वन्संनी निकाल दिला. "झाकून, वाफंवर शिजवलेलं. दिंडावाणीच. पंचमीला चालतंय."

संपतराव पाटावर येऊन बसले. ताटातलं धिरडं त्यांनी निरखून पाहिलं, एक कोपरा मोडून चावला आणि कुर्रकन आवाज झाला तशा भुवया वर गेल्या.

"अक्का, ह्या खळग्यांत तूप लई झ्याक बसंल बघ."

"बसंल ना." वन्संनी चरवीकडे न पाहता दिंडांसाठी केलेलं गुळवणी घेतलं आणि एकेक खळगा भरला. "तूप टायफॉईडवाल्याला. तुझं काय दुखतंय ते मला ठावं हाय. आईमागं ह्या हातानं भरवलं तुला, आन तू मला पावणीसारखं निस्तं बरं बरं सांगतोस?"

संपतरावांनी बायकोकडे पाहिलं. सारजाबाईंनी नजर वळवली नाही. ते ओशाळले आणि मुकाट्यानं सगळं धिरडं संपवलं. वन्संनी चरवीतलं तूप बरणीत काढून देव्हाऱ्यात ठेवलं. "दिव्याला. कुणी बोट घातलं तर देव बघंल आन तुझी बायकूबी."

दुसऱ्या दिवशी येडगावला परतताना चरवी रिकामी द्यायची नव्हती. माहेरातून भांडं रिकामं जात नाही. सारजाबाई तांदूळ भरू लागल्या तर वन्सं म्हणाली, "त्ये नको. ओटाचं पीठ भर. आन माप सांग परत. यंतर कुठं मिळतं तेबी."

एसटीच्या थांब्यावर चरवी हातात देताना सारजाबाईंच्या मनात शंका आली.

"वन्सं, कुणासाठी? दाजींचं काही…?"

वन्संनी गाडीच्या दांड्याला धरलं आणि पायरीवर पाय ठेवून क्षणभर तशीच थांबली. एक मोठा श्वास घेतला. दुसरी पायरी चढायला तिला फार वेळ लागला.

"तुमी मला दोन महिन्यांनी सांगितलंत," ती वरून म्हणाली. "मीबी सांगंन सवडीनं."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळणाआड गेली तरी सारजाबाई तिथंच उभ्या होत्या. मग त्या जवळजवळ पळतच घरी आल्या. संपतराव ओसरीवर बसले होते.

"अहो, उठा. सदरा घाला," त्या म्हणाल्या. "मागनं येणाऱ्या गाडीनं येडगावला जायचंय. वन्संना डॉक्टरकडं न्यायचंय, आन त्यांनी न्हाई म्हटलं तरी न्यायचंय."