दुसरी उशी

"हे का उघडून-झाकून राहिलं जी?" डाव्या कुशीवर झोपलेल्या प्रेमलतानं तपासणीच्या पडद्यावरचं आपलं हृदय बघत विचारलं. विचारलं नवऱ्याला, छातीवर यंत्र फिरवणाऱ्या डॉक्टरांना नाही.

नवरा, म्हणजे श्रीकांत सर, सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवत. दरवर्षी लाल-निळ्या खडूनं फळ्यावर हृदय काढत, त्यामुळे सांगायची हौस दांडगी. उजवीकडचं रक्त फुप्फुसात जातं, तिथून प्राणवायू घेऊन डावीकडे येतं, मग अंगभर फिरतं, आणि मधल्या झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत, असं त्यांनी पांढुर्ण्याच्या त्या दवाखान्यातही वर्गातल्यासारखं खणखणीत सांगितलं.

डॉक्टरांनी मान हलवली. यांची डावीकडची एक झडपच आखडली आहे, म्हणाले. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला असेल. रक्त पुढे नीट सरकत नाही, मागे फुप्फुसात तुंबतं, म्हणून आडवं झालं की दम लागतो. मग त्यांनी प्रेमलताला विचारलं, "रात्री उशा किती लागतात?"

सरांचा चेहरा उतरला. दिवाळीपासून ती दोन उशा घ्यायला लागली होती. शेजारच्या उर्मिलासमोर त्यांनी तिला महाराणी म्हणून चिडवलं, उर्मिला आणि ते पोटभर हसले. त्याच दिवशी दुसरी उशी खाटेखाली गेली. जामसांवलीच्या हनुमानाला पायी जाताना ती वाटेत बसली, तेव्हाही नखरे म्हणून सर पुढे निघून गेले होते.

"एकच," प्रेमलता म्हणाली. "एकच पुरते मले."

ती नवऱ्याची अब्रू झाकत होती, आणि डॉक्टर ते लिहून घेत होते. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसले असते तर खपूनही गेलं असतं.

"नाही साहेब," ते म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. "दोन लागतेत तिले. मीच काढाले लावली. आता भिताडाले टेकून बसल्या बसल्या झोपते."

डॉक्टरांनी आधीचं खोडलं आणि लवकरात लवकर नागपूरला न्यायला सांगितलं.

घरी आल्यावर सरांनी उशी काढून खाटेवर ठेवली. प्रेमलता टेकली, धाप जरा कमी झाली. तेवढ्यात विचारपूस करायला उर्मिला दारात आली, तशी प्रेमलतानं घाईघाईनं दुसरी उशी परत खाटेखाली सरकवली.

सर उर्मिलासमोरच खाली वाकले. उशी काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि बायकोच्या पाठीशी लावली.